स्वतःची पहिली रेसिपी करायची तर आधी किती पॉइंट लागतात ते मांड

तू पाठवलेली रेसिपी दोनदा वाचली. बाकीच्यांना नीट कळावं म्हणून आधी तुझा प्रश्न थोडक्यात लिहितो. तू अंबाजोगाईचा, सध्या ह्यूस्टनला नोकरीला. तिथं तयार किटच्या बिअर करून झाल्यात आणि आता एक्स्ट्रॅक्ट (मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, आटवलेला गोड अर्क) वापरून पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं १९ लिटरची बिअर करायची आहे. तुला पाहिजे "हलकी, उन्हाळ्यात दोन ग्लास आरामात पिता येईल अशी, आणि तिच्यात आपल्या मराठवाड्याचं काहीतरी असलं पाहिजे." सामान तू लिहिलंस ते असं: ३ किलो सुकं लाइट एक्स्ट्रॅक्ट, १ किलो क्रिस्टल ८० (भाजलेला गोडसर माल्ट, आकडा जेवढा मोठा तेवढा रंग गडद), अर्धा किलो मध, अर्धा किलो गूळ, अर्धा किलो ज्वारीचं पीठ, ६० ग्रॅम मॅग्नम जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) पूर्ण तासभर उकळायला, शिवाय धने, वेलदोडे, संत्र्याची साल, आणि यीस्टचं एक पाकीट. विचारलंस, "काका, ह्यात काय कमी आहे?"

कमी काहीच नाही बाबा, पण तू मागतोयस एक बिअर आणि कागदावर लिहिलीस दुसरीच. ते कसं ते आकड्यांनी दाखवतो, कारण रेसिपी जिभेच्या अंदाजानं लिहायची वेळ नंतर येते, पहिली रेसिपी हिशोबानंच लिहायची असते आणि एक्स्ट्रॅक्टमध्ये तर हा हिशोब लई सोपा असतो.

त्याआधी एक गोष्ट. तू लिहिलंस की दिवाळीला गावाकडं आल्यावर घरच्यांसमोर एक बॅच करून दाखवीन. ते अजिबात करू नको. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ साली केंद्राच्या कायद्यानं मोकळीक मिळाली, एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि विकायची नाही. २०१३ पर्यंत राहिलेली राज्यंसुद्धा त्यात आली. आपल्याकडं तसं नाही, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि लायसन्सशिवाय घरी बिअर गाळणं हा गुन्हा आहे, मग ती पाच लिटर असो की स्वतःपुरती असो. मी वाळूजला ब्रुअरीत इतकी वर्षं काढली तरी घरी एक बाटली केली नाही. तुझी हौस तिथंच भागव.

आता हिशोब. ज्या पदार्थातून साखर येते त्याचा किलोमागं एक आकडा धरायचा, त्याला पॉइंट म्हणू. सुक्या एक्स्ट्रॅक्टला साधारण ३६७, पातळ एक्स्ट्रॅक्टला ३०० (त्यात पाणी असतं म्हणून कमी), साध्या साखरेला ३८४, गुळाला मी ३३० धरतो, मधाला २९० च्या आसपास, आणि नुसता गरम पाण्यात भिजवलेल्या क्रिस्टल माल्टला १५० धर. सगळे पॉइंट एकत्र करायचे आणि फर्मेंटरमधल्या (बिअर आंबवायच्या बादलीतल्या) लिटरनं भागायचे, जो आकडा येईल तो १ च्या पुढचा दशांश, म्हणजे ४८ आला तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या मानानं रसाचा दाटपणा, १.०४८. आम्ही कारखान्यात प्लेटोमध्ये (रसातल्या साखरेचा टक्का) बोलतो, १.०४८ म्हणजे आमची साधारण १२ प्लेटो.

तुझी रेसिपी ह्या हिशोबात घाल. एक्स्ट्रॅक्टचे ११०१, क्रिस्टलचे १५०, मधाचे १४५, गुळाचे १६५, झाले १५६१, भागिले १९ म्हणजे ८२. म्हणजे तुझी बिअर १.०८२ ला सुरू होणार आणि नीट आंबली तर ८ टक्के अल्कोहोलच्या आसपास जाणार. ही उन्हाळ्यात दोन ग्लास पिण्याची बिअर नाही, ही थंडीत हळूहळू पिण्याची, महिनोन्महिने मुरवायची जड बिअर आहे, आणि तिला यीस्टचं एक पाकीट पुरत नाही, दोन लागतात. त्यात किलोभर क्रिस्टल ८०. ह्या माल्टमधली बरीच साखर यीस्टला खाताच येत नाही, ती तशीच ग्लासात येते, म्हणून किलोभर टाकल्यावर चव काकवीसारखी चिकट लागणार. ६० ग्रॅम मॅग्नम १२ टक्के अल्फाचं (अल्फा म्हणजे हॉप्समधलं कडूपणा देणारं आम्ल) धरलं तर कडूपणा ६५ आयबीयूच्या (कडूपणा मोजायचं माप) घरात. गोड, जड आणि कडू, तिन्ही एकदम.

म्हणून आता उलटीकडून चल. आधी काय पाहिजे ते ठरव: साडेचार ते पाच टक्के, रंग तांबूस सोनेरी, कडूपणा बेताचा, आणि मराठवाड्याची म्हणून एकच गोष्ट. एकच का म्हणतो, तर पहिल्या रेसिपीचं खरं काम ही चव कशानं आली हे तुला ओळखता यावं एवढंच आहे. गूळ, मध, धने, वेलदोडा, साल सगळं एका भांड्यात गेलं आणि चव चांगली आली तरी तुला कळणार नाही कशानं आली, बिघडली तरी कळणार नाही.

मी गूळ ठेवला आणि बाकीचं काढलं. मध का काढला, तर उकळीत त्याचा वास उडून जातो आणि साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागं उरतं ते फार थोडं, पैसे मात्र जातात.

ज्वारीचं तुला वाईट वाटेल म्हणून जरा सविस्तर सांगतो. भावना कळते रे, मालदांडीची भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला बिअरमधी ज्वारी टाकावी वाटणारच. पण कच्च्या पिठात साखर नसते, स्टार्च असतो. तो तोडायला एन्झाइम लागतात, ती माल्टमध्ये असतात, आणि एक्स्ट्रॅक्ट तयार करताना ती उष्णतेनं निकामी झालेली असतात. म्हणजे तुझ्या भांड्यात पीठ टाकलं की नुसती कण्या शिजल्यासारखी खळ होणार, बिअर गढूळ राहणार, तळाला गोळे लागून करपणार आणि पॉइंट शून्य. त्यात ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला, ७० अंश आणि त्याच्याही वर शिजतो, म्हणून ती आधी वेगळी शिजवून मग जवाच्या माल्टबरोबर मॅश करावी, म्हणजे गरम पाण्यात भिजत ठेवावी, लागते. ज्वारीची बिअर होत नाही असं अजिबात नाही, नायजेरियात १९८८ पासून जवाच्या आयातीवर बंदी आली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअऱ्या ज्वारीवरच वळल्या. तुझ्यासाठी सोपा रस्ता म्हणजे अमेरिकेत पांढऱ्या ज्वारीचं सिरप मिळतं, ग्लूटेन न चालणाऱ्या लोकांसाठी बनवतात, ते एक्स्ट्रॅक्टसारखंच विरघळतं. ती तुझी दुसरी किंवा तिसरी रेसिपी होऊ दे.

आता पाहिजे असलेली ग्रॅव्हिटी १.०४८, फर्मेंटरमध्ये १९ लिटर, म्हणजे ४८ गुणिले १९, एकूण ९१२ पॉइंट लागतात. क्रिस्टल ४० घे, २५० ग्रॅम, त्याचे ३७. गूळ ३०० ग्रॅम, त्याचे ९९. उरले ७७६, भागिले ३६७, म्हणजे २.१ किलो सुकं लाइट एक्स्ट्रॅक्ट. झाली की रेसिपी. गुळाचा वाटा ११ टक्क्यांच्या आत बसतो, त्यापेक्षा फार वर नेलं तर बिअर पातळ लागायला लागते, कारण गुळातली साखर जवळजवळ सगळी आंबून जाते आणि अंगाला काही ठेवत नाही.

एक्स्ट्रॅक्ट लाइटच घे, अंबर किंवा डार्क नको. अंबरमध्ये कंपनीनं आधीच क्रिस्टल टाकलेलं असतं, किती टाकलंय ते तुला माहीत नसतं, आणि वरून तू तुझं टाकलं की दुप्पट. लाइटमध्ये कोरी पाटी असते, रंग आणि चव तू भिजवलेल्या माल्टनं आणतोस. पातळपेक्षा सुकं सांगतो त्याचं कारण ताजेपणा. पातळ एक्स्ट्रॅक्ट दुकानात पडून राहिलं की काळपट होत जातं आणि त्याची एक शिळी, शाईसारखी चव बिअरमध्ये उतरते, लोक मग म्हणतात एक्स्ट्रॅक्टची बिअर अशीच लागते. अशीच लागत नाही, जुन्या एक्स्ट्रॅक्टची तशी लागते.

गूळ कोणता? पिवळाधमक नको. तो तसा उजळ दिसावा म्हणून बऱ्याचदा रसायनं टाकून साफ केलेला असतो. इंडियन दुकानात काळपट, मऊ, बोटाला चिकटणारा गूळ मिळतो तो घे, काकवी मिळाली तर तीही चालेल, फक्त पाण्याचा भाग धरून वजन जरा वाढव. आंबल्यावर गुळाची गोडी राहत नाही हे आधीच मनाशी धर, राहतो तो खारट-मातकट खनिजाचा धागा आणि मागाहून येणारा काळ्या गुळाचा वास. उकळी बंद करायच्या आधी पाच मिनिटं टाक म्हणजे निर्जंतुकही होतो आणि वासही जास्त उडत नाही. किसून किंवा बारीक फोडून टाक, ढेकूळ तसंच टाकलं तर तळाला जाऊन बसतं.

कडूपणा. १.०४८ च्या बिअरला २८ आयबीयू बास, हलक्या लागरला १०-१५ असतो त्याच्या वर पण जिभेला चटका देणारा नाही. ईस्ट केंट गोल्डिंग जातीचे हॉप्स घे, ५ टक्के अल्फा धरून ३५ ग्रॅम पूर्ण ६० मिनिटं, त्यातून साधारण २२ येतात, आणि २० ग्रॅम शेवटच्या १५ मिनिटांना, त्यातून ६. आता हे लक्षात ठेव की पाकिटावरचा अल्फाचा आकडा दरवर्षीच्या पिकाप्रमाणं बदलतो, म्हणून ३५ ग्रॅम हा आकडा पाठ करू नको, १७५ (३५ गुणिले ५) पाठ कर आणि पाकिटावरच्या टक्क्यानं भाग. ६ टक्के असेल तर २९ ग्रॅम. मॅग्नमच घरात पडलंय म्हणालास तर १७५ भागिले १२, साडेचौदा ग्रॅम, ६० नाही. हिशोबाशिवाय हॉप्स टाकले की असा चौपट फरक पडतो बघ.

भांडं तुझं १५ लिटरचं आहे, म्हणजे १९ लिटर उकळणार नाही, १० लिटर उकळायचं आणि वरून पाणी भरायचं. इथं एक युक्ती आहे, सगळं एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीला टाकू नको. निम्मं आधी, निम्मं शेवटच्या दहा मिनिटांत. सगळं एकदम टाकलं तर दहा लिटरमध्ये ते इतकं दाट होतं की हॉप्सचा कडूपणा नीट उतरत नाही आणि तासभराच्या उकळीनं रंगही गडद होतो. आधी क्रिस्टल माल्ट भरडून मलमलच्या पिशवीत बांध आणि ६५ ते ७० अंशाच्या पाण्यात अर्धा तास ठेव. ८० च्या जवळ जाऊ देऊ नको, टरफलातला तुरटपणा उतरतो, आणि पिशवी काढताना पिळू नको, निथळू दे.

एक्स्ट्रॅक्ट टाकताना गॅस बंदच कर. सुकं एक्स्ट्रॅक्ट वाफेवर पिशवीनं ओतायला गेलं की पिशवीच्या तोंडाशीच ते ओलं होऊन दगड होतं, अर्धं पिशवीला चिकटतं आणि जे आत पडतं त्याचे वरून चामड्यासारखे, आतून कोरडे गोळे तरंगतात, मग ते चमच्यानं भांड्याच्या काठाला दाबून दाबून फोडत बसावं लागतं. म्हणून कोरड्या पातेल्यात आधी मोजून घे, भांडं शेगडीवरून खाली उतरव, एका दमात ओत आणि लगेच ढवळ. परत शेगडीवर ठेवल्यावर पहिली उकळी फुटते तेव्हा फेस एकदम वर येतो, दूध उतू जातं तसा, पण हा फेस साखरेचा, शेगडीवर सांडला की जळून दगड होतो. ती दोन-तीन मिनिटं तिथून हलायचं नाही.

पाण्याचं सांगतो. एक्स्ट्रॅक्ट करणाऱ्या कंपनीनं स्वतःच्या पाण्यातले क्षार त्यात आधीच आणलेले असतात, त्यामुळं तुला जिप्सम वगैरे काही टाकायची गरज नाही, आरओचं पाणीसुद्धा छान चालतं. आपल्या बोअरचं जड पाणी असतं तर गोष्ट वेगळी होती. पण नळाचं वापरणार असशील तर क्लोरीन काढ. अमेरिकेत बऱ्याच शहरांत क्लोरामाइन टाकतात आणि ते नुसतं उकळून सहजी जात नाही, त्याचा माल्टबरोबर बँडेजच्या पट्टीसारखा औषधी वास तयार होतो. कॅम्पडेनची (क्लोरीन मारणारी सल्फाइटची) पाव गोळी चुरून १९ लिटरमध्ये टाक, काही मिनिटांत काम होतं.

थंड करायला तू व्हिडिओत पाहिलेला तांब्याच्या नळीचा चिलर घ्यायचा म्हणतोस. दहा लिटरला गरज नाही. त्यातून कितीतरी पाणी नुसतं वाहून जातं, आणि २०१६ चा उन्हाळा पाहिलेल्या माणसाला तरी नळ तसा सोडून ठेवणं जमू नये. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते तुला आठवत असेल, त्याच उन्हाळ्यात हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं आमच्याकडच्या ब्रुअऱ्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मग ६० टक्क्यांनी कापायला लावलं होतं, आणि ते बरोबरच होतं, माणसं तहानलेली असताना बिअर थांबू शकते. तू असं कर, वरून भरायचं नऊ लिटर पाणी आदल्या दिवशी उकळून झाकणाच्या भांड्यात फ्रिजमध्ये ठेव, भांडं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात बसव, आणि कोमट झालं की ते गार पाणी ओत, १८-२० अंशावर आपोआप येतं. बर्फ मात्र थेट बिअरमध्ये टाकायचा नाही.

फर्मेंटरच्या बादलीवर आधीच लिटर-लिटर पाणी मोजून १९ ची खूण करून ठेव. तुझा सगळा हिशोब १९ वर उभा आहे, २१ लिटर भरलं तर तीच रेसिपी १.०४३ होते. आणि वरून पाणी भरलेल्या बिअरची सुरुवातीची ग्रॅव्हिटी हायड्रोमीटरवर विचित्र आली तर घाबरू नको, दाट रस खाली आणि पाणी वर राहतं, नीट मिसळलेलं नसतं. एक्स्ट्रॅक्ट मोजून टाकलं आणि खूण बरोबर असेल तर कागदावरचाच आकडा खरा.

उकळी संपल्यानंतर ज्याला ज्याला बिअर लागणार ते सगळं आधी धुऊन मग सॅनिटाइझ करायचं. स्टार सॅन लिटरला दीड मिली, दोन मिनिटं ओलं राहू दे, फेस राहिला तरी चालतो, धुवायचा नाही.

यीस्ट साधं, स्वच्छ घे, सफएल यूएस-०५ चं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट ह्या बिअरला पुरतं. साधं यासाठी की ते स्वतःची चव फार सोडत नाही आणि गूळ दिसतो. पण तापमानाकडं लक्ष दे, माझ्या मते सामानापेक्षा जास्त फरक इथंच पडतो. आंबताना बिअर स्वतः गरम होते, खोली २४ ला असेल तर बादलीच्या आत २७-२८ होऊ शकतं, आणि पहिल्या तीन दिवसांत तसं झालं की डोकं धरणारी उग्र दारूची आणि फळांसारखी चव येते, ती नंतर किती मुरवली तरी पूर्ण जात नाही. तू लिहिलंस बादलीला ओलं फडकं गुंडाळून पंखा लावीन. ते अंबाजोगाईला मे महिन्यात चाललं असतं, हवा कोरडी असते, माठ गार होतो तसं. ह्यूस्टनच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. त्यापेक्षा बादली मोठ्या टबात पाण्यात ठेव आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदल, आतलं १८ ते २० राहिलं पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर २१-२२ ला गेलं तरी चालतं, उलट बरंच.

दोन आठवडे झाकण उघडू नको. मग ग्रॅव्हिटी बघ, १.०१० ते १.०१२ च्या मध्ये यायला पाहिजे, तीन दिवसांनी परत बघ, आकडा तोच असेल तरच बाटलीत भर. हलत असेल तर थांब, नाहीतर काचेच्या बाटल्या फुटतात आणि काच डोळ्यात जाऊ शकते, ह्या एका बाबतीत घाई नकोच. १.०११ ला थांबली असं धरलं तर फरक ३७ पॉइंटचा, म्हणजे ०.०३७ गुणिले १३१ (अल्कोहोलचा टक्का काढायचा ठरलेला आकडा), ४.८५ टक्के, तुला पाहिजे होती तेवढीच. बाटलीसाठी १९ लिटरला ११५ ग्रॅम साधी साखर थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये हळू मिसळ, खळबळ नको, हवा मिसळली की पुठ्ठ्यासारखी चव येते. बाटल्या दोन आठवडे बाहेरच, खोलीच्या तापमानाला.

वेलदोडा सोडवत नसेल तर त्याचाही रस्ता आहे. तीन-चार दाणे ठेचून थोड्या व्होडकात चार दिवस भिजव, आणि बिअर तयार झाल्यावर १०० मिली ग्लासात ड्रॉपरनं एक-एक थेंब टाकून चाख. जिथं आवडेल तिथले थेंब मोज, पुढच्या बॅचला गुणाकार कर. धन्याचंही तसंच. आख्खी बादली पणाला लावायची गरज नाही.

पहिली बाटली उघडलीस की तारीख घालून वहीत लिही, आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदल. अंगानं पातळ लागली तर गूळ २०० वर आण आणि तेवढे पॉइंट एक्स्ट्रॅक्टनं भर. गूळ शोधूनही सापडला नाही तर प्रमाण वाढवायच्या आधी गूळच बदल, अजून काळा घे. चिकट-गोड वाटली तर क्रिस्टल दीडशे ग्रॅम. हिरव्या सफरचंदासारखा वास आला तर ती अजून कच्ची आहे, पंधरा दिवस ठेव. घशाला गरम लागली तर रेसिपीला हात लावू नको, आधी मला टबातलं पहिल्या तीन दिवसांचं तापमान पाठव.